साताऱ्यातली उरलेल्या क्राफ्ट सामानाची पिशवी: वॉरगेमिंगच्या डोंगर-तटबंदीला कितपत कामाला येते

दुकानाचं नाव टाकत नाहीये, कारण पुढं दोन-चार गोष्टी वाकड्या लिहिणार आहे आणि दुकानवाल्या काकांशी आपले संबंध चांगले आहेत. मोती चौकाच्या आसपासच्या गल्ल्यांतलं जुनं स्टेशनरी-क्राफ्टचं दुकान एवढं पुरे, साताऱ्यातल्या ज्यांनी शाळेचे प्रोजेक्ट केलेत त्यांना बरोबर कळेल. तर ह्या दुकानात गणपती झाले की आणि शाळांची प्रदर्शनं उरकली की उरलेला माल काढतात. अर्धवट कापलेल्या फोम शीट, फाटलेली पाकिटं, ज्या रंगाला कुणी विचारत नाही ते कागद, कोपरे दबलेले सनबोर्ड म्हणजे प्लास्टिक फोमच्या कडक पाट्या, सगळं. दोन प्रकारे मिळतं. एक बंद पिशवी, दीडशे रुपये, आत काय आहे ते अर्धंच दिसतं. दुसरं म्हणजे माळ्यावर क्रेट ठेवलेत त्यातून आपल्या हातानं निवडायचं आणि वजनावर घ्यायचं, तीनशे रुपये किलो. हा रिव्ह्यू दोन्हीचा आहे, पण फक्त एकाच कामासाठी, मिनिएचर वॉरगेमिंगचं टेरेन, म्हणजे टेबलावर मांडायचे डोंगर-भिंती. राखी, तोरण, रुखवत वाल्यांना ह्यातलं निम्मं पटणार नाही.

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. छोट्या सैनिकांच्या फौजा, फासे आणि इंचाची टेप. बुद्धिबळासारखे चौकोन नसतात, सैनिक किती इंच चालला, कोण कुणाला दिसतो, मध्ये आडोसा आहे का ह्यावर सगळं ठरतं. म्हणून टेबलावर भिंती, टेकड्या, पडक्या इमारती, झाडी लागतेच, नाहीतर पहिल्याच फेरीत लांब पल्ल्याच्या बंदुकावाला जिंकतो आणि बाकीचे चहा पीत बसतात. ह्यातलाच एक खेळ वॉरहॅमर ४० के, त्याची पहिली आवृत्ती १९८७ ची, आत्ता त्यातल्या २००० पॉइंटच्या (फौजेची ताकद पॉइंटात मोजतात) सामन्याला ४४ बाय ६० इंचाचं टेबल धरतात, आणि एवढं टेबल विकतच्या प्लास्टिक टेरेननं भरायचं म्हणजे एक एक बॉक्स हजारांत जातो वर कुरिअर. आमच्या ग्रुपमध्ये निम्म्यांची फौज थ्रीडी प्रिंटची, नियम फुकटात डाउनलोड होणारे, तिथं भिंतीला कोण हजारो घालणार. म्हणून ही पिशवी.

आता पिशवी उघडल्यावर काय निघतं. फोम शीटचे तुकडे असतातच, ए-फोरच्या अर्ध्या आकाराचे, दोन मिलिमीटरचे. नालीदार रंगीत कागद असतो. आइस्क्रीमच्या काड्या, क्विलिंगच्या पट्ट्या, मणी, टिकल्या, लेसचे तुकडे, पाइप क्लीनर, कधी कॉर्क शीट, कधी फेल्ट. आणि मग सॅटिन रिबन, ग्लिटर शीट, वाढदिवसाचे स्टिकर, वाळून खडा झालेल्या थ्रीडी आउटलायनरच्या ट्यूबा. ग्लिटरबद्दल नंतर बोलतो, नीट बोलायचंय.

सगळ्यात भारी माल म्हणजे फोम शीट, ह्यात वादच नाही. बाहेरच्या देशातले व्हिडिओ बघितले तर सगळे एक्सपीएस म्हणजे निळे-गुलाबी इन्सुलेशनचे बोर्ड वापरतात, ते आपल्या इथं किरकोळीत मिळवायचं म्हणजे वैताग आहे, आणि मिळालं तरी छोट्या कामाला एवढी शीट करायची काय. ईव्हीए फोमचं, म्हणजे आपल्या ह्या फोम शीटचं, तसं नाही. वाळलेल्या बॉलपेननं दाबून दगडांच्या सांध्या ओढायच्या, मग वरून हेअर ड्रायर मारायचा की चिरा उघडतात आणि दगड सुटे दिसायला लागतात. फोम गरम असतानाच ॲल्युमिनियम फॉइलचा चुरगाळलेला गोळा त्यावर दाबायचा, गार झाला की खडबडीतपणा तसाच राहतो. गार फोमवर कितीही दाबा, तो परत फुगून वर येतो, तेव्हा उष्णता ही पायरी गाळायची नाही. रंगाच्या आधी फेविकॉल थोडं पाणी घालून दोन हात मारायचे, कारण फोम वाकतो आणि कोरडा ॲक्रेलिक त्याच्यावर तडकतो. एवढं केलं की दोन हात लांबून कुणी सांगणार नाही हा शाळेच्या प्रोजेक्टचा गुलाबी फोम होता म्हणून. रंग कुठलाही असूदे, झाकलाच जातो, म्हणून ज्या रंगाला गिऱ्हाईक नाही तोच आपण उचलायचा.

मापाचं एक सांगतो कारण इथं बरेच जण गंडतात. २८ मिलिमीटरच्या सैनिकाला साधारण १:५६ हे प्रमाण धरलं तर १ फूट म्हणजे जवळपास साडेपाच मिलिमीटर. म्हणजे दीड फुटी घडीव दगड आठ मिलिमीटरचा झाला, आणि पंधरा फुटी दरवाजा आठ सेंटीमीटरच्या आसपास. ह्याच हिशोबानं पिशवीतली आइस्क्रीमची काडी, जी एक सेंटीमीटर रुंद असते, ती जवळजवळ दोन फुटी फळी होते. एवढी रुंद फळी दारात शोभत नाही, त्यामुळं काडी उभी चिरून अर्धी करायची नाहीतर कॉफी ढवळायच्या बारीक लाकडी काड्या घ्यायच्या, त्या बरोबर मापाच्या असतात. काडीवर तारेच्या ब्रशनं लांबीतून दोन-तीनदा खरवडलं की लाकडाच्या रेषा येतात. क्विलिंगच्या पट्ट्या दरवाजावरच्या लोखंडी पट्ट्या म्हणून आणि अर्धगोल मणी खिळे म्हणून. लेसचे तुकडे जाळीच्या खिडकीला इतके चपखल बसतात की मी आता दुकानातल्या काकूंना लेसचंच विचारतो.

नालीदार कागद म्हणजे सरळ पत्रा. खऱ्या पत्र्याच्या प्रमाणात बघायला गेलं तर ह्याच्या लाटा दुप्पट मोठ्या आहेत, पण टेबलावर ते खटकत नाही. चंदेरी रंग मारायचा, मग गेरू पाण्यात कालवून खालच्या कडेला आणि खिळ्यांच्या जागी टिपायचा, गंज तयार. एमआयडीसीतल्या जुन्या शेडसारखं दिसतं आणि साय-फाय खेळाला तेच तर पाहिजे असतं.

आता वजनाचा हिशोब, ह्यात खरी मजा आहे. बंद पिशवीत माल मिसळ, पण माळ्यावर वजनावर घेतलं तर फोम म्हणजे नुसती हवा. पाव किलो फोम म्हणजे केवढा ढीग होतो ते बघायला पाहिजे, पंच्याहत्तर रुपयात अख्ख्या किल्ल्याची तटबंदी होऊन वर उरतो. कॉर्क पण हलका. ह्याच्या उलट मणी, काचा, आरसे, चुंबक वजनाला जड, ते वजनावर घेणं म्हणजे तोटा, ते पिशवीतून येतील तेवढेच घ्यावेत. सनबोर्ड मधला. काका हुशार आहेत, त्यांना हे कळत नाही असं नाही, पण त्यांना माळा रिकामा करायचाय आणि फोम जागा खातो. मी म्हणलं काका तुमचं नुकसान होतंय ह्यात, तर म्हणाले, "अरे पुढच्या गणपतीला ह्यावर धूळ बसलेली कोण घेतंय, घेऊन जा की." एकदा त्यांनी विचारलं कसला प्रोजेक्ट रे एवढा मोठा, कुठल्या शाळेचा. मी सगळा खेळ समजावून सांगितला, फासे, फौजा, टेरेन. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे किल्लाच की दिवाळीचा. वय किती तुझं?"

आणि खरं आहे ते. आपल्याकडं प्रत्येक पोरगं हेच करत आलंय. विटा-दगड रचायचे, पोतं चिखलात बुडवून वर टाकायचं, अळीव नाहीतर मोहरी पेरायची, मावळे मांडायचे. परदेशी व्हिडिओत प्लास्टरमध्ये कापड बुडवून डोंगरावर अंथरतात आणि काहीतरी खास टेक्निक म्हणून दाखवतात, ते आपलं पोतंच आहे, फक्त अंगणाऐवजी टेबलावर. मी पिशवीतला फेल्टचा तुकडा पाणी घातलेल्या फेविकॉलमध्ये बुडवून पुठ्ठ्याच्या ढाच्यावर टाकतो, वाळला की कडक होतो, वर चाळलेली वाळू. फक्त अळीव नको, टेबल घरातलं आहे आणि घरच्यांची सहनशक्ती मर्यादित आहे.

डोंगराच्या बाबतीत मात्र परदेशी व्हिडिओ आंधळेपणानं बघू नका. त्यांचे कडे उभे, टोकदार, करडे असतात. आपला सह्याद्री बेसॉल्टचा, लाव्ह्याचे थर एकावर एक, म्हणजे कडा, मग गवताची उतरण, परत कडा, आणि माथा सपाट. यवतेश्वरच्या घाटातून किंवा गावातून अजिंक्यताऱ्याकडं बघा, लगेच दिसतं. ह्या आकाराला थर रचून केलेलं टेरेन आपोआप शोभतं, कॉर्क शीट हातानं फाडायची, कापायची नाही, फाटलेली कड म्हणजेच कडा, आणि मधल्या उतरणीला भुसा. शिवाय सपाट माथ्यावर सैनिक उभे राहतात, घसरत नाहीत, खेळाला ते फार सोयीचं. रंग पण करडा नको, काळ्यात थोडा बर्न्ट अंबर म्हणजे गडद तपकिरी, वरून जवळजवळ कोरड्या ब्रशनं फिकट करडा, शेवटी अगदी किंचित खाकी. कास पठाराकडचं करायचं असेल तर जांभ्याला गेरू आणि वर गुलाबी-जांभळे ठिपके, पिशवीतल्या फोमचा चुरा त्याला चालतो. चाळकेवाडीच्या पवनचक्क्या पण केल्यात एकानं आमच्यातल्या, जुन्या पेनाच्या नळ्या आणि सनबोर्डची पाती, ४० के च्या टेबलावर कुणाला शंका पण आली नाही की हे ठोसेघरच्या रस्त्यावरचं आहे.

गवत-मातीसाठी दुकानात काही घेऊ नका, कृत्रिम गवताची चटई पिशवीत आली तरी ती फार हिरवीगार, प्लास्टिक वाटते. घरचा चहाचा चोथा सगळ्यात बेस्ट, पण आपला चहा दूधसाखरेचा, तो नुसता वाळवला तर मुंग्या लागतात आणि बुरशी येते, म्हणून दोन-तीन पाण्यातून धुवून कडक उन्हात वाळवायचा. सुताराकडचा भुसा चाळून पोस्टर कलरमध्ये रंगवला की गवत. सांगलीच्या एका मित्रानं भुश्याला हळद लावून वाळलेलं गवत केलं होतं, सांगलीच्या माणसाला दुसरं काय सुचणार, काही दिवस झकास दिसलं आणि मग उडलं, हळदीचा रंग उजेडात टिकत नाही. घोसाळ्याची वाळलेली जाळी, अंग घासायची, तिचे तुकडे म्हणजे झुडपं. सुतळी उसवून छोटे छोटे झुपके चिकटवले की उंच गवत.

थर्मोकोलचं विचारतात लोक. २०१८ च्या प्लास्टिक-थर्माकोल बंदीनंतर सजावटीचं थर्मोकोल ह्या दुकानात नाही, आणि गरजही नाही, टीव्ही-फ्रिजच्या खोक्यात जे येतं ते भंगारात जायच्या आधी वापरा. टेकडीच्या पोटात भरायला चांगलं. फक्त फेविक्विक किंवा स्प्रे पेंट त्याच्यावर थेट गेला की ते विरघळतं, खड्डे पडतात, आणि ग्लू गन फार तापलेली असेल तरी तेच. फेविकॉल चालतो पण दोन थरांच्या मध्ये हवा जात नाही म्हणून वाळायला खूप वेळ घेतो, टूथपिक खोचून दाबून ठेवायचं. सनबोर्डला उलटं, तो प्लास्टिकचा, फेविकॉल त्याच्यात मुरत नाही, तिथं फेविक्विकच. पण सनबोर्डचा एक गुण असा की पाण्यानं वाकत नाही. पुठ्ठ्यावर वाळू-फेविकॉलचा बेस केला की दुसऱ्या दिवशी पापडासारखा वळलेला असतो, सनबोर्ड सपाटच राहतो. त्यामुळं कोपरे दबलेले सनबोर्ड दिसले की सगळे उचला, बेसला कोपरे कोण बघतंय, नाहीतरी गोल कापायचेच असतात.

आता ग्लिटर. बंद पिशवीत दर वेळी एवढी ग्लिटर शीट का असते हे मला कळत नाही, म्हणजे कळतं, खपत नाही म्हणून. काही पिशव्यांत तर निम्मा फोम ग्लिटरचाच. मागची बाजू साधी असते म्हणून उलटा करून वापरता येतो, पण कापला की चमकी गळते, टेबलावर, ब्रशमध्ये, रंगवलेल्या सैनिकांवर, आणि एकदा सैनिकाच्या वॉर्निशमध्ये चमकी बसली की तो कायमचा वरातीतला बँडवाला. चमकीवर आधी फेविकॉलचा जाड थर मारून मगच कापायचं, तरी शंभर टक्के थांबत नाही. दीडशेच्या पिशवीत पन्नास-साठ रुपयांचा माल ग्लिटर, रिबन आणि स्टिकर मध्ये जातो असं माझं मत. वाळलेल्या आउटलायनरच्या ट्यूबा तर सरळ कचरा आहे, त्या टाकायला नकोत काकांनी, पिशवी फुगवायला कशाला. पावसाळ्यात घेतलेला नालीदार कागद पण दमट होता, लाटा बसलेल्या, साताऱ्याच्या पावसात माळ्यावर काय होणार दुसरं, तेव्हा जून ते सप्टेंबर कागदाच्या वस्तू घेऊच नका.

वरचा खर्च धरून चाला. फेविकॉल एमआरची बाटली, फेविक्विक, काळा-पांढरा-तपकिरी ॲक्रेलिक, चपटा जुना ब्रश, चांगलं कटर. सांध्यांत सावली आणायला काळपट तपकिरी रंग भरपूर पाण्यात पातळ करून भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब टाकायचा, तो आपोआप खाचांत उतरतो, विकतचा वॉश लागत नाही. हे सगळं त्याच दुकानात छापील किमतीला मिळतं, सूट नाही, मागूही नका, मी मागून बघितलंय.

ह्या मालातून आम्ही केलेलं सगळ्यात मोठं काम म्हणजे साताऱ्याचा वेढा. डिसेंबर १६९९ मध्ये औरंगजेब स्वतः येऊन गडाखाली, म्हणजे आत्ताच्या अजिंक्यताऱ्याखाली बसला, गडावर किल्लेदार प्रयागजी प्रभू, एप्रिल १७०० मध्ये मोगलांनी तटाखाली सुरुंग लावले आणि त्यातल्या एका स्फोटात तट बाहेरच्या बाजूला कोसळून चढाईला जमलेले त्यांचेच लोक मोठ्या संख्येनं गाडले गेले. शेवटी गड गेलाच, त्याचं आझमतारा झालं, पण खेळायला ह्यापेक्षा चांगला प्रसंग कुठं मिळणार आणि तो पण आपल्या खिडकीतून दिसणाऱ्या डोंगरावरचा. त्यामुळं तटाचा एक भाग निघणारा पाहिजे होता. सनबोर्डचा सांगाडा, बाहेरून दगड कोरलेला फोम गुंडाळला, निघणाऱ्या तुकड्याला फ्रिज मॅग्नेटचे गोल चुंबक, आणि स्फोट झाला की तो तुकडा काढून तिथं अंड्यांच्या ट्रेच्या तुकड्यांचा ढिगारा ठेवायचा. फासा ठरवतो ढिगारा आत पडणार का बाहेर. बाहेर पडला की मोगलांकडून खेळणारा तोंड पाडून बसतो. फोम, सनबोर्ड, कॉर्क आणि दरवाजाचं लाकूड सगळं ह्या दुकानातलं, दोन बंद पिशव्या आणि किलोपेक्षा कमी सुटा माल. एवढ्या पैशात विकतच्या तटबंदीचा एक बुरूजसुद्धा आला नसता.

सर्व्हिसबद्दल. काका बोलायला चांगले पण घाईत असतात, माळ्यावर जायचं असेल तर काकू असतानाच जा, त्यांना कुठल्या क्रेटमध्ये काय आहे ते पाठ आहे आणि सनबोर्डचा क्रेट पुढं ओढून देतात. दुपारी दुकान बंद. पार्किंगचं नाव काढू नका, गाडी लांब लावून चालत या. ऑनलाइन पेमेंट चालतं. बंद पिशवी परत घेत नाहीत, उघडून दाखवत पण नाहीत, हे मला पटत नाही, निदान एका बाजूनं बघू तरी द्यावं. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात अजिबात जाऊ नका, किल्लेवाल्या पोरांची झुंबड असते आणि ती पोरं आपल्यापेक्षा चपळ आहेत, चांगला कॉर्क तेच नेतात.

माझं मत विचाराल तर सुटा माल पाचपैकी साडेचार, बंद पिशवी तीन. पहिल्यांदा जाणार असाल तर एक पिशवी घ्या म्हणजे काय काय वस्तू असतात ते कळेल, पुढच्या वेळेपासून थेट माळा. पिशवी उचलताना तळाशी दाबून बघा, कडक लागलं तर सनबोर्ड आहे, नुसतं चुरचुर वाजलं तर ग्लिटर, ठेवून द्या आणि दुसरी घ्या.